भातलावणीआधी दंडातल्या सेन्सरबद्दल

भाऊ, दंडात साखरेचा सेन्सर बसवायचं मनात आहे म्हणता, तर थोडं ऐका. वरून चिकटवायचे सेन्सर साधारण दोन आठवडे चालतात. एव्हरसेन्स ३६५ नावाचा सेन्सर मात्र कातडीखाली वर्षभर राहतो. डॉक्टर जागा बधिर करून छोटा छेद घेतात आणि जेमतेम पाऊण इंचाची कांडी आत सरकवतात. कातडीवरचा ट्रान्समीटर, म्हणजे सेन्सरचा आकडा मोबाईलला पाठवणारा डबा, मात्र रोज नवी पट्टी लावून चिकटवावा लागतो. आपल्याकडच्या घामात पट्टी सुटली तरी सेन्सर वाया जात नाही, हा मोठा फायदा.

आता मुख्य मुद्दा. लावणीच्या दिवसांत चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस ताप) होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. ही टेट्रासायक्लिन नावाच्या प्रतिजैविकांच्या (अँटिबायोटिक) गटातली. या गटाच्या औषधांमुळे हा सेन्सर साखर आहे त्यापेक्षा कमी दाखवू शकतो. तो आकडा बघून गूळ तोंडात टाकलात, तर साखर आणखी चढायची! गोळी मात्र टाळू नका, लेप्टो जिवावर बेततो. डॉक्टरांना सेन्सरचं सांगा आणि ते म्हणतील तितके दिवस बोट टोचून ग्लुकोमीटरवरच निर्णय घ्या.

आणखी एक, सेन्सर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. त्यामुळे पेज किंवा हापूस खाल्ल्यावर आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. हात थरथरतायत, घाम फुटलाय आणि आकडा ठीक दिसतोय? लगेच ग्लुकोमीटर काढा. एमआरआय करायची वेळ आली तर सेन्सर आहे हे आधी सांगा, ट्रान्समीटर काढून ठेवा.