वडील कारभार सोडत नाहीत, काय करू?

"मॅडम, नाव माझं आणि कारभार बाबांचा. वेगळं व्हावं का?" घरचा धंदा सांभाळणारे चाळिशीतले मुलगे हा प्रश्न घेऊन वरचेवर येतात. त्यातलंच हे एक घर, घाऊक रोपवाटिकेचं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पहिला फोन सुनेचा होता. "सासरे आणि हे एकमेकांशी बोलतच नाहीत. दोघांचे निरोप मी पोचवते. आता माझंच डोकं फिरायची वेळ आलीय."

निमित्त फळझाडांच्या एका लॉटचं. गिऱ्हाइकानं मागणी दिली, माल तयार झाला, पण उचललाच नाही. कलमं त्याच पिशव्यांत आणखी एक हंगाम पडून राहिली. एका सकाळी वडिलांनी कामगारांसमोर एक पिशवी ब्लेडनं उभी फाडली. तळाशी मुळांचं वेटोळं झालेलं, सुंभाच्या चुंबळीसारखं घट्ट. "बघा, धाकट्या मालकांचा कारभार!" मुलगा चार पावलांवर उभा होता.

पहिल्या भेटीत वडील वीस मिनिटं मुळांवरच बोलले. वेटोळं झालेलं मूळ जमिनीत गेल्यावरही आपणहून सरळ होत नाही, झाड खुरटतं, वाऱ्यात कलंडतं. वेळेवर मोठ्या पिशवीत हलवायला हवं होतं. सगळं खरं. मुलाचंही खरंच होतं. ती मागणी वडिलांनीच तोंडी घेतलेली, आगाऊ पैसा न घेता. मग पिशव्या, माती, मजुरी हा खर्च कोणाच्या भरवशावर करायचा? (कोंडलेल्या मुळांची आणि मुलाची तुलना मलाही सुचली होती. मी गिळली. त्यांना उपमा नको होती, रात्रीची झोप हवी होती.)

मला खटकलं ते निराळंच. या धंद्यात निर्णय आणि निकाल यांत फार अंतर असतं. भरलेला डोळा, म्हणजे कलमासाठी रोपावर बसवलेली दुसऱ्या झाडाची कळी, जगला का, हे काही आठवड्यांत कळतं. रोप विक्रीला यायला एखादा हंगाम, कधी दोन. आणि जात खरी होती का, हे फळ धरेल तेव्हा, म्हणजे कित्येकदा काही वर्षांनी. वडील मात्र मुलाच्या निर्णयाचा निकाल त्याच संध्याकाळी लावायचे. बेचाळीस वर्षांच्या या माणसानं स्वतःच्या एकाही निर्णयाचा शेवट पाहिलेला नव्हता, कारण मधेच कोणीतरी पाण्याची वेळ बदललेली असायची. अशा वेळी 'वेगळं व्हा' किंवा 'जुळवून घ्या' म्हणणं मला घाईचं वाटतं.

वडिलांना मी एवढंच विचारलं, "तुम्ही महिनाभर आजारी पडलात, तर कलमाची काडी कोणत्या झाडाची घ्यायची हे कोण सांगेल?" ते गप्प झाले. मातृवृक्षांवर पाट्याच नव्हत्या. यादी त्यांच्या डोक्यात.

दोन गोष्टी ठरल्या. एक शेडनेट दोन हंगामांसाठी पूर्ण मुलाचं. हिशेबाची वही वेगळी, तोटा झाला तर तोही त्याचा, आणि कामगारांसमोर टीका नाही. दुसरं, रोज सकाळी बापलेकांनी मातृवृक्षांतून फिरायचं. वडिलांनी सांगायचं, मुलानं पाटी लिहायची.

तिसऱ्या आठवड्यात नियम मोडला. वडिलांनी त्या शेडचं पाणी गुपचूप वाढवलं. मुलगा तणतणत आला. मी म्हटलं, "घरी जाऊन हे त्यांनाच सांगा, बायकोकरवी नको." तो गेला, बोलला, भांडण झालं, पण पाट्यांपलीकडचं, गेल्या सहा महिन्यांतलं ते पहिलं थेट बोलणं. पाट्यांचं काम मात्र एकदाही चुकलं नाही. "अक्षर बघा याचं, मुंगी शाईत बुडून चालल्यासारखं," असं वडील मला हसत सांगत होते.

निरोप पोचवणं सुनेनं थांबवलंय. उधारीची वही अजून सासऱ्यांच्या उशाशी आहे. पुढच्या बैठकीत ती आणायला सांगितलीय. आणतील की नाही, माहीत नाही.