पशुवैद्यकांचा सल्ला : बुलडॉगला भूल देताना

प्रश्न : आमचा इंग्लिश बुलडॉग सहा वर्षांचा असून त्याचे वजन २८ किलो आहे. त्याच्या दातांवर कीटण चढले आहे आणि एक दाढ हलत असल्यामुळे ती काढावी लागणार आहे. आमचे डॉक्टर पूर्ण भूल देऊन हे काम करू म्हणतात. ओळखीचे लोक मात्र ‘बुलडॉग भुलेतून उठत नाही’ असे सांगून घाबरवतात. एका ग्रूमिंग सेंटरने नुसते गुंगीचे इंजेक्शन देऊन दात साफ करून देण्याची तयारी दाखवली आहे. हा सौम्य मार्ग निवडावा का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : निवडू नये. आपण लिहिलेल्या दोन मार्गांपैकी अधिक धोक्याचा मार्ग ग्रूमिंग सेंटरचा आहे, आणि तो सौम्य वाटतो हीच त्यातली मोठी अडचण आहे.

बुलडॉगच्या नाकपुड्या चिंचोळ्या असतात, टाळूचा मागचा मऊ भाग गरजेपेक्षा लांब असल्यामुळे तो स्वरयंत्राच्या तोंडावर लोंबतो आणि श्वासनलिकाही देहाच्या मानाने अरुंद असते. जागेपणी घशाचे स्नायू ताणून धरून तो ही वाट कशीबशी उघडी ठेवतो. त्याचे घोरणे आपल्याला गमतीचे वाटते, पण तो त्या धडपडीचाच आवाज असतो. गुंगीच्या औषधाने हेच स्नायू सैल पडतात. पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घातलेली असते, त्यामुळे टाळू कितीही लोंबला तरी प्राणवायू थेट फुप्फुसात पोहोचतो. नुसत्या गुंगीत ना नळी असते, ना बहुधा प्राणवायू. त्यात दातांवर पाण्याचा फवारा मारून कीटण काढायचे म्हटले, तर ते घाण पाणी श्वासाबरोबर आत ओढले जाण्याची भीती वेगळीच. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या झायलाझिनसारख्या औषधाने उलटी होऊ शकते आणि हृदयाचे ठोकेही मंदावतात. हलती दाढ तर पशुवैद्यकाशिवाय कोणी काढूच नये.

लोक घाबरवतात ते अगदीच निराधार नाही, पण त्याला प्रमाण हवे. ब्रिटनमध्ये ९८ हजारांहून अधिक कुत्र्यांना दिलेल्या भुलेचा आणि गुंगीचा मागोवा घेणारा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्व जाती मिळून साधारण ६०० कुत्र्यांमागे एक मृत्यू आढळला. निरोगी कुत्र्यांत हे प्रमाण सुमारे १,८५० मागे एक, तर आजारी कुत्र्यांत ७५ मागे एक इतके होते. बुलडॉगचा धोका याहून अधिक धरावा लागतो. तरीही मला त्या अभ्यासातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू काम आटोपल्यानंतर झाले होते, आणि त्यांतले बहुतेक पहिल्या तीन तासांत, म्हणजे सगळे सुखरूप पार पडले असे मानून माणसे हात धुवायला गेलेली असतात त्या वेळात.

म्हणून आपल्या डॉक्टरांना ‘भूल सुरक्षित आहे का’ असे मोघम विचारण्याऐवजी, नळी कधी काढणार आणि त्यानंतर त्याच्याजवळ कोण बसणार, हे विचारावे. इतर कुत्र्यांची नळी गिळण्याची क्रिया सुरू होताच काढली जाते. बुलडॉगची तशी घाई करायची नसते. त्याला छातीवर बसते करून, मान किंचित उचलून, जीभ पुढे ओढून ठेवतात आणि तो नळी चावू लागेपर्यंत थांबतात. डोळे टक्क उघडे, मान ताठ, तोंडात नळी आणि चेहऱ्यावर कमालीचे समाधान, असा बुलडॉग भूलतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचा आहे. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्याला बिनअडथळ्याचा श्वास मिळत असतो. नळी काढल्यावर वाट पुन्हा बंद झालीच, तर ती पुन्हा घालण्याची तयारी टेबलावर हवी.

सुरुवातीच्या तयारीबद्दलही विचारून घ्यावे. भूल चढवण्यापूर्वी तीन ते पाच मिनिटे मास्कने प्राणवायू दिला की नळी बसवायला उसंत मिळते. तेवढ्याच वजनाच्या लॅब्रेडॉरची नळी बुलडॉगला बहुधा बसत नाही, म्हणून लहान मापांच्या दोन-तीन नळ्या हाताशी ठेवाव्या लागतात. नळी घालताना या जातीत ठोके एकदम मंदावू शकतात, त्यासाठी ॲट्रोपिन किंवा ग्लायकोपायरोलेट तयार असावे. रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे आधी झालेला बरा. काम चालू असताना प्राणवायूची पातळी आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारी यंत्रे लावलेली असावीत.

आणखी एक बाब पोटाची. अरुंद नाकातून जोर लावून श्वास ओढताना छातीत जे खेचणारे बल तयार होते, त्याने जठरातले अन्न आणि आम्ल अन्ननलिकेत वर येते. भुलेत ते घशापर्यंत येऊन फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. यावर ओमेप्राझोल, मॅरोपिटंट यांसारखी औषधे आधीपासून देता येतात. उपाशी किती तास ठेवायचे ते डॉक्टर सांगतील तसेच पाळावे. ‘एवढीशी पोळी’ प्रेमापोटीसुद्धा घालू नये. घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत खोकला, ताप किंवा धाप दिसली, तर ‘औषधाचा थकवा असेल’ म्हणून वाट पाहू नये.

वजन वाढलेले असेल आणि डॉक्टर थांबायला हरकत नाही म्हणाले, तर आधी ते उतरवावे. काम शक्यतो थंडीत, सकाळच्या पहिल्या वेळेला ठरवावे. मग शुद्धीवर येण्यासाठी पुढचा अख्खा दिवस दवाखान्याच्या नजरेखाली मिळतो.

प्रश्न : मे महिन्यात फ्रेंच बुलडॉगला घेऊन मोटारीने पुण्याहून नागपूरला जायचे आहे. तो गाडीत फार अस्वस्थ होतो. झोपेची गोळी किती द्यावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मनाने एकही देऊ नये. बुलडॉग धाप टाकूनच अंग थंड करतो, आणि गुंगीत ती धापच मंदावते. मे महिन्यातल्या विदर्भाच्या उन्हात याचा शेवट उष्माघातात होऊ शकतो. प्रवास रात्रीचा करावा, वातानुकूलन चालू ठेवावे आणि गळ्यात पट्ट्याऐवजी छातीला हार्नेस घालावा. त्याची अस्वस्थता मळमळीमुळे असेल तर गुंगी न आणणारे औषध मिळते. ते तपासणीनंतर डॉक्टरांकडूनच घ्यावे.

प्रश्न : आमच्या बुलडॉग मादीची नसबंदी करायची आहे. त्याच वेळी नाकपुड्या मोठ्या करून घ्याव्यात, असे डॉक्टर सुचवतात. हा खर्च वाढवण्याचा प्रकार तर नाही ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : शंका स्वाभाविक आहे, परंतु सल्ला योग्य आहे. नाकपुड्या खरोखरच मिटलेल्या असतील, तर एकाच भुलेत दोन्ही कामे उरकल्याने दुसऱ्यांदा भूल देण्याचा धोका टळतो. शिवाय शुद्धीवर येताना ती आधीपेक्षा मोकळ्या नाकाने श्वास घेते. मऊ टाळू किती लांब आहे हेही त्याच वेळी पाहून घेण्यास सांगावे, कारण तो जागेपणी नीट दिसत नाही. मात्र तो कापण्याची गरज निघाली तर ते लगेच करायचे की नाही, याचा निर्णय भूल देण्यापूर्वीच ठरवून ठेवावा.