जर्मन नागरिकाशी विवाह झाल्यावर जर्मनीचे नागरिकत्व कधी मिळते आणि भारतीय पासपोर्ट सोबत ठेवता येतो का?

तुम्ही लिहिले आहे की, तुमचा विवाह एका जर्मन नागरिकाशी पुण्यात नोंदणी पद्धतीने झाला असून काही महिन्यांत तुम्ही तिकडे राहायला जाणार आहात. साताऱ्याकडे वडिलांची शेती आहे, आणि जर्मनीने आता दुहेरी नागरिकत्व मान्य केल्याचे ऐकल्यामुळे दोन्ही पासपोर्ट ठेवता येतील असे सासरच्या मंडळींनी तुम्हाला सांगितले आहे. मी स्वतः विवाहानंतर जर्मनीत आले, बरीच वर्षे भारतीय पासपोर्टवर राहिले आणि नवा कायदा आल्यानंतर तेथील नागरिकत्व घेतले. थेट उत्तर असे की, विवाहामुळे नागरिकत्व आपोआप मिळत नाही, फक्त त्याची वाट थोडी जवळची होते. आणि जर्मनीची हरकत नसली तरी भारताचा कायदा तुम्हाला दोन्ही नागरिकत्वे ठेवू देत नाही.

प्रथम वास्तव्याचे पाहू. जर्मन नागरिकाची पत्नी म्हणून तुम्हाला आधी कुटुंब-एकत्रीकरणाचा व्हिसा आणि तिथे पोहोचल्यावर निवास परवाना मिळतो. बहुतेक अर्जदारांना जर्मन भाषेची ए-१, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीची परीक्षा आधीच उत्तीर्ण व्हावी लागते. ती पुण्यात किंवा मुंबईत मॅक्स म्युलर भवनात देता येते. माझ्या अनुभवात परीक्षेपेक्षा कागदपत्रेच जास्त वेळ खातात. आपल्याकडच्या जुन्या जन्मदाखल्यांवर पुष्कळदा बाळाचे नावच नसते, नुसते आईवडिलांचे नाव आणि तारीख असते. शिवाय शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरे आणि विवाह प्रमाणपत्रावर पतीचे नाव मधल्या जागी आलेले, असा प्रकार आढळतो. आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही, परंतु तिथल्या कार्यालयाला ही तीन वेगवेगळ्या व्यक्तींची नावे वाटू शकतात. म्हणून नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नाव चढवलेला जन्मदाखला घेण्याचे काम तुम्ही भारतात असतानाच उरकून घ्यावे. तिकडे गेल्यावर त्यासाठी घरच्यांना हेलपाटे घालावे लागतात.

सुरुवातीचा हा परवाना विवाहावर अवलंबून असतो. याविषयी नववधूंना कुणी फारसे सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम लिहीत आहे. पती-पत्नी म्हणून जर्मनीत किमान तीन वर्षे एकत्र राहिल्यानंतर विवाह मोडला, तर सामान्यतः पत्नीला स्वतंत्र निवासाचा हक्क मागता येतो. आणि घरात मारहाण किंवा छळ होत असेल तर ही तीन वर्षे पूर्ण होण्याची अट गैरलागू ठरू शकते. परवाना रद्द होईल या धाकाने कुणालाही छळ सोसत राहण्याची गरज नाही. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये अशीच माझी इच्छा आहे, तरीही ही तरतूद माहीत असलेली बरी.

तीन वर्षे परवान्यावर काढल्यानंतर, संसार सुरू असेल, भाषेची बी-१, म्हणजे मध्यम पातळी गाठली असेल आणि उदरनिर्वाहाची सोय असेल, तर कायमस्वरूपी निवासाचा परवाना, म्हणजे आपली मंडळी ज्याला पीआर म्हणतात तो, मागता येतो. नागरिकत्वासाठीही जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला साधारणपणे तीन वर्षांचे कायदेशीर वास्तव्य आणि किमान दोन वर्षांचा विवाह अशी अट असते, तर इतरांसाठी ही मुदत पाच वर्षे आहे. बी-१ भाषा इथेही लागते. त्याखेरीज ३३ प्रश्नांची एक नागरिकत्व चाचणी असते, तिच्यात किमान १७ उत्तरे बरोबर यावी लागतात, आणि प्रौढ व्यक्तीसाठी शुल्क २५५ युरो आहे.

२७ जून २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने जर्मनीने आपल्या बाजूची हरकत काढून घेतली. त्यापूर्वी आपल्यासारख्यांना जर्मन नागरिकत्व घेताना भारताचे सोडल्याचा कागद दाखवावा लागे. आता तो कुणी मागत नाही. माझ्या हाती प्रमाणपत्र देताना तेथील अधिकारी बाईंनी अगदी आपुलकीने सांगितले की, जुना पासपोर्ट तुम्ही ठेवू शकता. त्यांच्या कायद्यापुरते ते खरेच होते, परंतु भारताचा कायदा सांगणे हे त्यांचे काम नव्हते. तुमच्या सासरच्यांनाही तेवढी एकच बाजू ठाऊक असावी.

भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद ९ आणि नागरिकत्व कायदा, १९५५ याचे कलम ९ यांनुसार, स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व स्वीकारणारी व्यक्ती ते मिळताक्षणीच भारताची नागरिक राहत नाही. इथे ‘मिळताक्षणी’ हे शब्दशः घ्यायचे आहे. जर्मनीत नागरिकत्वाचे प्रमाणपत्र हातात दिले की नागरिकत्व लागू होते. म्हणजे तुमच्या पासपोर्टवर वैधतेची तारीख आणखी सात वर्षांची असली, तरी त्या दुपारपासून तुम्ही त्याच्यावर प्रवास करू शकत नाही. केला तर तो पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो आणि पुढे पासपोर्ट परत करताना दंडही भरावा लागतो. पासपोर्ट जमा करणे हा नागरिकत्व सोडण्याचा क्षण नव्हे. नागरिकत्व त्याआधीच गेलेले असते, जमा करणे ही त्याची केवळ नोंद. भारतीय वकिलातीच्या व्यवस्थेतून तो पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत मिळतो आणि सोबत सरेंडर सर्टिफिकेट दिले जाते. ते जपून ठेवा, कारण ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्डासाठी, तेच लागते.

यातून एक व्यावहारिक अडचण उभी राहते आणि घरी वृद्ध आईवडील असणाऱ्यांनी तिचा विचार आधीच करावा. प्रमाणपत्र मिळाल्यापासून जर्मन पासपोर्ट हाती येईपर्यंत काही आठवडे जातात, त्यानंतर सरेंडर सर्टिफिकेट आणि मग ओसीआय कार्ड यांना आणखी वेळ लागतो. या मधल्या काळात गावाकडून फोन आला आणि तातडीने निघावे लागले, तर भारतात जायला तुम्हाला व्हिसा घ्यावा लागतो. मी प्रमाणपत्राची तारीख ठरवताना, आईची शस्त्रक्रिया आटोपून ती घरात हिंडूफिरू लागेपर्यंत थांबले. तारीख पुढे ढकलून मागितली तर साधारणपणे कार्यालय अडवत नाही.

ओसीआय कार्डाला पुष्कळ लोक दुहेरी नागरिकत्वच समजतात, आणि त्याच्या नावातच तो गैरसमज दडलेला आहे. प्रत्यक्षात तो आजीवन व्हिसा असून त्याला काही सवलती जोडलेल्या आहेत: वारंवार व्हिसा काढावा लागत नाही आणि दीर्घ वास्तव्यासाठी पोलिसांकडे नोंद करावी लागत नाही. मताधिकार मात्र जातो. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्याला मतदार यादीत नाव ठेवून, गावी येऊन मत देता येते. ओसीआय कार्डधारकाला ते नाही. तुमचे ओसीआय तुम्ही मूळच्या भारतीय म्हणून मिळेल, त्यामुळे ते विवाहावर टांगलेले नसेल. तुमच्या पतींना जोडीदार म्हणून मिळणारे ओसीआय मात्र विवाहाला दोन वर्षे झाल्यावरच मागता येते आणि विवाह संपुष्टात आल्यास रद्द होऊ शकते.

आता शेतीविषयी, कारण तुमच्या प्रश्नातली खरी काळजी मला तीच दिसते. वडिलांच्या पश्चात वारसा हक्काने मिळणारी शेतजमीन परदेशी नागरिकत्व घेतल्याने जात नाही. ओसीआय कार्डधारकाला ती वारशाने घेता येते आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागू शकते. मात्र परकीय चलन कायद्याच्या नियमांनुसार परदेशात राहणारी भारतीय नागरिक असो वा ओसीआय कार्डधारक, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. पुढे वारशाची जमीन विकायची झाली, तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते, आणि महाराष्ट्रात घेणारा सहसा शेतकरी असावा लागतो. म्हणून वडिलांच्या मनात तुमच्या नावे काही गुंठे बक्षीसपत्राने करून द्यायचे असेल, तर ते तुम्ही कायमच्या जाण्यापूर्वी करायचे काम आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या महसुली कामातल्या वकिलाला गाठून घ्या. भाऊ-बहिणींच्या वाटणीचा प्रश्न असेल तर तो भारतात असतानाच बोलून घ्यावा, हे मी अगदी मनापासून सांगते; हजारो मैलांवरून मुखत्यारपत्र पाठवून केलेल्या वाटण्यांमध्ये नाती फार ताणली जातात.

माझे मत विचाराल तर पहिली काही वर्षे तुम्ही पीआरवरच लक्ष ठेवावे. राहणे, नोकरी, घर या सगळ्यांसाठी पीआर पुरेसा असतो. एरवी सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास तो संपुष्टात येऊ शकतो, पण जर्मन जोडीदारासोबत संसार करणाऱ्यांना त्यात सवलत आहे. तिथल्या निवडणुकीत मत द्यावेसे वाटू लागले, किंवा युरोपात इतरत्र नोकरी करायची झाली, म्हणजे नागरिकत्वाचा विचार करा.

मुलांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, परंतु हा प्रश्न लवकरच येईल. एक पालक जर्मन असल्यामुळे तुमचे बाळ जन्मतः जर्मन असेल. ते जर्मनीत जन्मले आणि तुम्ही तेव्हा भारतीय नागरिक असलात, तर एक वर्षाच्या आत वकिलातीत जन्मनोंद करून त्याला भारतीय नागरिकत्व मिळू शकते, मात्र बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसल्याचे पालकांना लिहून द्यावे लागते. तशी नोंद झालेले मूल दुसऱ्या देशाचेही नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्याने ते परकीय नागरिकत्व सोडले नाही तर त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. बाळाचा जर्मन पासपोर्ट आधीच काढला असेल तर ते प्रतिज्ञापत्र देऊ नका, त्याच्यासाठी सरळ ओसीआयचा अर्ज करा.