विणकर ‘ऑब्सोलीट’ होतो का?

वडगावच्या एका विणकर गृहस्थांनी विचारलंय : मुलगी पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला आहे. तंत्रज्ञान आणि समाज यावरच्या इंग्रजी निबंधात तिनं लिहिलं, ‘पॉवरलूम्स मेड हँडलूम वीव्हर्स ऑब्सोलीट.’ बाईंनी ‘ऑब्सोलीट’वर लाल रेघ मारून ‘रिडंडंट’ केलं. डिक्शनरीत दोन्हींपुढे ‘निरुपयोगी’ दिसतं. मग फरक काय?

फरक चांगलाच आहे, ‘निरुपयोगी’नं तो गिळून टाकलाय. त्या एका शब्दाखाली मराठीत आपण मोडकं, जुनं, जादा, नकोसं सगळंच ढकलतो.

‘ऑब्सोलीट’ म्हणजे कालबाह्य. यात वस्तू बिघडलेली असावी लागत नाही. माझ्या मामांकडे बटणांचा फोन आहे. वाजतो, बोलता येतं, बॅटरी चार दिवस पुरते. पण हल्ली सूतवाला म्हणतो, ‘बिलाचा फोटो पाठवतो, स्कॅनरवर पैसे टाका,’ आणि मामा फोन उलटापालटा करून माझ्याकडे बघतात. फोन ठणठणीत आहे, व्यवहार पुढे गेला. आपली तारसेवा १५ जुलै २०१३ला बंद झाली. तीही शेवटपर्यंत पोचत होती, पण तोवर प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला होता. म्हणून ‘ऑब्सोलीट’ला ‘निकामी’ म्हणू नये. निकामी वस्तू दुरुस्त करून चालू करता येते, कालबाह्य वस्तू दुरुस्त करूनही तशीच राहते.

‘रिडंडंट’ची गोष्ट जास्त गमतीची. त्याच्या पोटात लाटेसाठीचा लॅटिन शब्द आहे, ‘उंडा’. लाटेसारखं भरून वाहणारं, काठाबाहेर सांडलेलं, ते रिडंडंट. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : वरकड. ‘फालतू’सुद्धा आधी जादा, शिलकीचं अशाच अर्थाचा होता, नंतर तो शिवीच्या अंगाला गेला. ‘रिडंडंट’चंही थोडंफार तसंच झालं, फक्त इंजिनिअरांनी त्याची अब्रू राखली. त्यांच्या बोलीत ‘रिडंडन्सी’ हा गुण आहे. एक पंप बंद पडला तर दुसरा तयार हवा, तो दुसरा रिडंडंट. पंपाला मान आणि माणसाला नारळ, असा हा शब्द आहे.

माणसाला लावताना तो मुख्यतः ब्रिटिश इंग्रजीत येतो : ‘ही वॉज मेड रिडंडंट’. म्हणजे कामात खोट नव्हती, पण ती जागाच उरली नाही म्हणून कमी केलं. आता गंमत बघा. कमी करायला आधी कुणीतरी कामावर ठेवलेलं लागतं. मस्टर लागतं, पगार लागतो. माझे आजोबा घरातल्या खड्डामागावर बसायचे आणि आजी शेजारी कांड्या भरायची. धोटा त्यांच्या हातात, माग त्यांचा, मालक तेच. त्यांना रिडंडंट कोण करणार? यंत्रमागाचं कापड स्वस्त आलं आणि हातमागाला भाव मिळेना, तेव्हा नोटीस न येताच काम गेलं. मामांनी पुढे त्याच जागेत यंत्रमाग बसवले.

कालबाह्य म्हणायचं ते वस्तूला किंवा पद्धतीला, माणसाला नव्हे; म्हणजे बाईंनी मारलेली रेघ बरोबर, तिच्यावर लिहिलेला शब्द मात्र कारखान्यातल्या कामगाराला शोभणारा. मजुरीवर ठेवलेला विणकर असता तर तो चालला असता. स्वतःच्या मागावर बसणाऱ्यासाठी साधं ‘पुट आउट ऑफ वर्क’ घ्या. थोडं निबंधी हवं असेल तर ‘डिस्प्लेस्ड’.

मुलीच्या वाक्यात भाषेपलीकडची एक चूकही आहे. ‘ऑब्सोलीट’ म्हटलं की विषय संपला असं होतं. पण माग, कन्नडात मग्ग, हातानं चालवणारे अजून आहेत. बागलकोटकडच्या इलकलला, आपण जिला इरकल म्हणतो ती साडी आजही हातमागावर निघते. उतरणीला लागलेल्या पण न संपलेल्या गोष्टीसाठी इंग्रजीत ‘ऑब्सोलेसंट’ आहे. शेपूट बदललं की अर्थाला धुगधुगी येते.

असाच आणखी एक शब्द ती निबंधात घालेल असं वाटतं : ‘लडाइट’. आज तो यंत्राला नाक मुरडणाऱ्यासाठी वापरतात. मूळ लडाइट १८११च्या सुमाराला नॉटिंगहॅमकडे मोजे विणायची यंत्रं फोडणारे लोक, आणि तीच यंत्रं चालवण्यात ते तरबेज होते. राग होता पडलेल्या मजुरीवर आणि हलक्या मालावर. १८१२मध्ये यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठरली. तेव्हा मामांच्या बटणांच्या फोनवरून त्यांना कुणी लडाइट म्हणू नये, चार यंत्रमाग चालवतात ते.

मुलीला वाक्य असं लिहू द्या : ‘पॉवरलूम्स पुट मेनी हँडलूम वीव्हर्स आउट ऑफ वर्क.’ त्यातलं ‘मेनी’ गाळू नका, बाई पुन्हा रेघ मारतील आणि या वेळी त्यांचं पूर्ण बरोबर असेल.