'घडी घालणे' की 'घडी बसणे'?

देवगडकडच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे: "प्रोटीन फोल्डिंगला मी वर्गात 'प्रथिनांची घडी घालणे' म्हणते, आमचे एक सर 'दुमडणे' म्हणतात. बरोबर काय? आणि उष्णतेने प्रथिन बिघडतं त्याला पुस्तकात 'विकृतीकरण' आहे. मुलं विचारतात, अंडं उकडलं की त्याला रोग होतो का?"

मुलांची शंका रास्त आहे, तिच्याकडे येतोच. आधी घडी.

बाई, 'घडी' सोडू नका. दुमडतो तो कागदाचा कोपरा नाहीतर शर्टाची बाही. पण क्रियापद बदला. घडी घालायची तर घालणारा कोणीतरी लागतो. पेशीत वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी ओळीने जोडले जाऊन साखळी तयार होते आणि ती आपली आपण ठरावीक आकारात येते. असं आपसूक मार्गी लागण्याला मराठीत 'घडी बसणे' म्हणतातच. नव्या संसाराची बसते, नव्या होडीवरच्या खलाशांची बसते, तशीच प्रथिनाचीही.

ती बसते मुख्यतः पाण्यामुळे. रश्श्यावर तेलाचे थेंब कसे एकमेकांत मिसळत जातात, तसे साखळीतले पाण्याशी न पटणारे मणी आत गोळा होतात आणि पाणी मानवणारे बाहेर राहतात. जोडीला हायड्रोजन बंध असतात, आणि काही प्रथिनांत गंधकाचे पूल. या पुलांना मी 'टाके' म्हणेन, कापडाशी जुळतं म्हणून. एवढं सगळं असूनही घडी बसलेल्या आणि विस्कटलेल्या अवस्थेतला ऊर्जेचा फरक मोजक्या हायड्रोजन बंधांएवढाच भरतो. म्हणून जरा ताप वाढला, आंबट पडलं, की गडबड.

'आपली आपण' हे मी पदरचं सांगत नाही. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ ख्रिश्चन अ‍ॅन्फिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज हे 124 मण्यांचं प्रथिन घेतलं. दाट यूरियात त्याची घडी विस्कटली आणि दुसऱ्या रसायनाने त्याचे चारही टाके उसवले. मग दोन्ही रसायनं काढून हवेत ठेवलं, तर प्रथिन पुन्हा कामाला लागलं. आठ टोकांचे चार टाके 105 तऱ्हांनी पडू शकतात, पण पडले ते मूळचेच. घडी कशी बसायची हे मण्यांच्या क्रमातच असतं, हे त्यावरून कळलं. 1972 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

यूरियावरून आठवली मोरी, म्हणजे रायगडकडची मुशी, छोटा शार्क. समुद्राच्या खारटपणाला तोंड द्यायला हा मासा अंगात यूरिया साठवतो. अ‍ॅन्फिन्सन यांच्या परीक्षानळीपेक्षा बराच कमी, पण आपल्या रक्ताच्या मानाने प्रचंड. मग त्याच्या प्रथिनांची घडी टिकते कशी? तो ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा उतारा बाळगून असतो, साधारण दोन भाग यूरियाला एक भाग. यूरिया घडी सैल करतो, हा ती आवळून धरतो. मासा मेला की जिवाणू यूरियाचा अमोनिया करू लागतात. आमची काकी मोरीचा तुकडा नाकाशी नेऊन "वास मारता गो, नको माका" म्हणत परत टोपलीत टाकायची, ती याच अमोनियावर.

आता 'विकृतीकरण'. हा शब्द मला कधीच आवडला नाही. 'विकृत' म्हटलं की मराठी माणसाला वर्तमानपत्रातली बातमी आठवते, शिवाय एन्झाइमला आपण 'विकर' म्हणतो, म्हणजे 'विकराचे विकृतीकरण' असं जिभेची परीक्षा पाहणारं प्रकरण होतं. सरळ 'घडी विस्कटणे' म्हणा. 'घडी मोडणे' मात्र नको. नव्या साडीची घडी मोडतात तो कौतुकाचा प्रसंग असतो. 'नासणे'ही नको, उकडलेलं अंडं नासलेलं नसतं.

अंड्यात याच्या पुढची पायरी आहे. विस्कटलेल्या साखळ्या एकमेकींत अडकतात आणि पांढरा गोळा होतो. तिथे 'साकळणे' चपखल बसतं, रक्त साकळतं तसं. अ‍ॅन्फिन्सन यांचं प्रथिन नुसतं विस्कटलं होतं म्हणून परतलं. साकळलेलं अंडं गार करून कच्चं होत नाही. मुलांना हा फरक दोन शब्दांत सांगता येईल.

एक शब्द तुम्ही विचारलेला नाही, तरी सुचवतो. गजबजलेल्या पेशीत अर्धवट घडीच्या साखळ्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून काही प्रथिनं मदत करतात, इंग्रजीत त्यांना शॅपरॉन म्हणतात. ती आकार ठरवत नाहीत, नको ती लगट होऊ देत नाहीत इतकंच. आपल्याकडे यासाठी 'राखणदार' आहे. गावचा राखणदार नारळावर भागवतो, हे बहुतेक एटीपीवर, म्हणजे पेशीच्या इंधनावर.