मतपत्रिकेवर नाव चढते कसे?

वाचकांचे प्रश्न

निवडणूक अर्ज, छाननी आणि मतपत्रिका यांविषयी ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरे या अंकात देत आहोत. एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमानुसार घेतो. महापालिका, नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदा यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग राज्याच्या कायद्यांनुसार घेतो. बऱ्याच पत्रांत या दोहोंची सरमिसळ झालेली आहे. वेगळा उल्लेख नसेल तेथे उत्तर विधानसभेच्या निवडणुकीचे आहे असे समजावे.

प्रश्न : आमच्या एका स्नेह्यांनी विधानसभेसाठी अपक्ष म्हणून अर्ज भरला होता. दहा सूचकांपैकी एक जण शेजारच्या मतदारसंघाचा मतदार निघाला आणि छाननीत अर्ज बाद झाला. एवढ्याशा कारणावरून अर्ज बाद करता येतो का? आणि वकिलांनी ‘आता निकालानंतरच बघू’ असे का सांगितले? (एक वाचक, नौपाडा)

उत्तर : कारण दिसायला लहान असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते लहान नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे त्याचे नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार, पुरतो. अपक्षाला आणि नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला दहा सूचक लागतात, आणि ते सर्व त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. उमेदवार स्वतः मात्र राज्यातील कोणत्याही मतदारसंघाचा मतदार असला तरी चालते. त्याला आपल्या मतदार यादीतील नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते, इतकेच. उमेदवाराला मिळणारी ही मोकळीक सूचकांनाही आहे असे समजण्याची चूक पुष्कळ जण करतात.

ठाणे शहरात ही चूक होणे अगदी सहज शक्य आहे. नौपाड्याचा रहिवासी ठाणे मतदारसंघात, वागळे इस्टेटचा कोपरी-पाचपाखाडीत आणि कासारवडवलीचा ओवळा-माजिवड्यात मत देतो. स्टेशनाजवळच्या एकाच उपाहारगृहात रोज संध्याकाळी बसणाऱ्या मित्रांच्या मतदार याद्या अशा तीन ठिकाणी विखुरलेल्या असतात आणि सह्या गोळा करण्याच्या घाईत ते कोणाच्या ध्यानात येत नाही. एक सूचक बाद झाला की नऊच उरतात, आणि नऊ सूचकांचा अपक्ष अर्ज ग्राह्य धरण्याचा अधिकार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला नाही.

याउलट, सूचक त्याच मतदारसंघाचा असून त्याचा यादी भाग क्रमांक किंवा अनुक्रमांक लिहिताना चूक झाली असती, तर गोष्ट निराळी होती. नावातील किंवा क्रमांकातील लेखनदोष दुरुस्त करू द्यावेत अथवा त्यांकडे दुर्लक्ष करावे, असे कलम ३३ सांगते. आणि सारभूत स्वरूपाचा दोष नसेल तर अर्ज फेटाळू नये, असे छाननीसंबंधीचे कलम ३६ बजावते. प्रतिज्ञापत्रातील रकाने कोरे सोडणे हा मात्र लेखनदोष नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवून दिल्याप्रमाणे अधिकाऱ्याने उमेदवाराला आधी त्याची आठवण करून द्यायची असते, आणि त्यानंतरही रकाना कोराच राहिला तर अर्ज फेटाळता येतो. जेथे माहिती नाही तेथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावे. नुसती आडवी रेघ मारून ठेवू नये.

एका उमेदवाराला एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात आणि अनामत रक्कम एकदाच भरावी लागते. विधानसभेसाठी ती १०,००० रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी निम्मी आहे. तेव्हा शहाण्या माणसाने वेगवेगळ्या सूचकांच्या सह्यांचे निदान दोन अर्ज द्यावेत. सूचक केवळ मतदार असून भागत नाही, तो भरवशाचाही असावा लागतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुरतेत काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनी अर्जावरील सह्या आपल्या नाहीत असे सांगितले आणि अर्ज बाद झाला. पुढे उरलेल्या उमेदवारांनीही माघार घेतली आणि २२ एप्रिलला भाजपचे उमेदवार बिनविरोध निवडून आले. सुरत मतदारसंघातील मतदारांना त्या वेळी लोकसभेसाठी मतदान करावेच लागले नाही.

आता दुसरा भाग. वकिलांनी योग्य तेच सांगितले. संविधानाच्या अनुच्छेद ३२९(ख) नुसार निवडणुकीला आव्हान केवळ निवडणूक याचिकेनेच देता येते. ‘निवडणूक’ म्हणजे फक्त मतदानाचा दिवस नव्हे, तर अधिसूचनेपासून निकालापर्यंतची संपूर्ण प्रक्रिया, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये पोन्नुस्वामी प्रकरणात ठरवले. त्यातही वाद तेव्हाच्या मद्रास राज्यातील नामक्कल येथे फेटाळलेल्या अर्जाचाच होता. म्हणून छाननीत झालेल्या अन्यायाची दाद निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात मागावी लागते.

ही तरतूद अन्यायाची वाटते खरी, पण तिला एक दुसरी बाजू आहे. एखादा अर्ज गैररीत्या फेटाळला गेला होता एवढे सिद्ध झाले, तरी कलम १०० प्रमाणे निवडून आलेल्या उमेदवाराची निवडणूक रद्द होते. बाद झालेल्या उमेदवाराला किती मते पडली असती याचा हिशेब न्यायालय मागत नाही. अर्ज गैररीत्या स्वीकारला गेला असेल, तर मात्र त्याचा निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हे दाखवून द्यावे लागते. म्हणूनच, शंकेला जागा असेल तेथे अर्ज राखणे हेच छाननीला बसलेल्या अधिकाऱ्याच्या हिताचे आहे, असे माझे मत आहे. आपल्या स्नेह्यांच्या बाबतीत मात्र तशी शंका नव्हती, आणि याचिकेवर खर्च करण्याचा सल्ला मी देणार नाही.

प्रश्न : ‘एबी फॉर्म’साठी शेवटच्या दिवशी एवढी धावपळ का चालते? फॉर्म उशिरा आला तर काय होते? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : हे दोन वेगळे कागद आहेत. पक्षाच्या वतीने उमेदवारी देण्याचा अधिकार कोणाला आहे, हे ‘ए’ फॉर्म सांगतो. त्या अधिकृत व्यक्तीने या मतदारसंघात कोणाला उभे केले आहे, हे ‘बी’ फॉर्म सांगतो. १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशानुसार दोन्ही कागद अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पडावे लागतात, आणि त्यांवर शाईची मूळ सही लागते. रबरी शिक्का, झेरॉक्स किंवा मोबाइलवर आलेला फोटो चालत नाही. धावपळ होते ती यामुळे. पक्ष मात्र बंडखोरी टाळण्यासाठी फॉर्म शेवटच्या तासापर्यंत खिशात ठेवतात, तो दोष कायद्याचा नाही.

तीन वाजून गेल्यावर आलेला फॉर्म विचारात घेतला जात नाही. उमेदवाराने पक्षाचा म्हणून एकाच सूचकाच्या सहीचा अर्ज दिलेला असेल, तर तो छाननीत टिकत नाही. बेरकी इच्छुक म्हणूनच दहा सूचकांच्या सह्या घेऊन अपक्ष म्हणूनही एक अर्ज देऊन ठेवतात. पक्षाने दुसऱ्याला फॉर्म दिला की याच अर्जाचा बंडखोर तयार होतो, आणि मग माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत नेतेमंडळी त्याला शोधत फिरतात व तो ‘नॉट रिचेबल’ असतो.

माघारीची सूचना लेखी द्यावी लागते. ती उमेदवाराने स्वतः किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या सूचकाने अथवा निवडणूक प्रतिनिधीने आणून द्यायची असते, आणि एकदा दिली की परत घेता येत नाही. ४ नोव्हेंबर २०२४ रोजी कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसच्या अधिकृत उमेदवार मधुरिमाराजे छत्रपती यांनी अखेरच्या क्षणी माघार घेतली. त्यानंतर पक्षाला दुसरे नाव देण्याची सोय उरली नाही, आणि शेवटी त्याला एका अपक्षाला पाठिंबा द्यावा लागला.

प्रश्न : मतपत्रिकेवरील नावांचा क्रम कोण ठरवतो? आणि एकाच नावाचे दोन उमेदवार असतील तर मतदाराने काय करायचे? (एक वाचक, सीवूड्स)

उत्तर : क्रम कोणी ‘ठरवत’ नाही, तो आपोआप लागतो. माघारीची मुदत संपताच निवडणूक लढवणाऱ्या उमेदवारांची यादी तीन गटांत तयार होते : पहिल्या गटात मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांचे उमेदवार, दुसऱ्यात नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्षांचे, तिसऱ्यात अपक्ष. प्रत्येक गटात नावे वर्णानुक्रमाने लागतात. सत्ताधारी पक्ष वर आणि विरोधक खाली, असा काही प्रकार नाही. पहिल्या गटातील ‘अ’ने सुरू होणारे नाव ‘स’च्या वर येते, इतकाच अर्थ. ‘डॉ.’ किंवा ‘अ‍ॅड.’ ही उपाधी नावामागे लावता येते, पण क्रम लावताना ती धरली जात नाही. नाव चुकीचे लिहिले गेले असेल, तर ही यादी होण्यापूर्वी लेखी कळवून ते दुरुस्त करून घेता येते.

हीच यादी, याच क्रमाने, मतपत्रिका बनते आणि मतदान यंत्राच्या बॅलट युनिटवर बसवली जाते. सर्वांत शेवटी ‘नोटा’. हा पर्याय सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने आला. एका युनिटवर १६ बटणे असल्यामुळे ‘नोटा’ धरून पंधरा उमेदवारांपर्यंत एक युनिट पुरते. सोळावा उमेदवार रिंगणात राहिला की प्रत्येक मतदान केंद्रावर दुसरे युनिट मांडावे लागते.

नावसाधर्म्याचा प्रश्न आपल्या बेलापूर मतदारसंघाला नवीन नाही. २०२४ मध्ये तेथे मंदा म्हात्रे अवघ्या ३७७ मतांनी निवडून आल्या, आणि पराभूत उमेदवाराचेच नाव व आडनाव असलेल्या एका अपक्षाला या फरकाहून अधिक मते पडली. ती सगळी मते चुकून गेली असे कोणी सिद्ध करू शकत नाही; पण आकडे बोलके आहेत. नियम असा आहे की दोन उमेदवारांचे नाव सारखे असल्यास व्यवसाय, निवासस्थान किंवा अन्य काही तपशील जोडून त्यांच्यात फरक दाखवावा. मात्र सारख्या नावाच्या माणसाला उभे राहण्यास मज्जाव करता येत नाही, आणि करूही नये. आई-वडिलांनी ठेवलेले नाव हा अपात्रतेचा निकष होऊ शकत नाही.

याच गोंधळावर उपाय म्हणून १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांत मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र आले. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने आणखी पुढचे पाऊल टाकले : छायाचित्र रंगीत असावे, त्याच्या चौकटीचा तीन चतुर्थांश भाग चेहऱ्याने व्यापावा, आणि सर्व उमेदवारांची व ‘नोटा’ची अक्षरे एकाच वळणाची, ठळक आणि ३० आकारमानाची असावीत. बिहारच्या निवडणुकीपासून हा बदल अमलात आला. पूर्वीच्या करड्या, टिकलीएवढ्या चेहऱ्यावरून सख्ख्या शेजाऱ्यालाही ओळखणे कठीण जाई.

चिन्हांच्या साधर्म्यावर मात्र छायाचित्राचा उपाय अपुरा पडतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शरद पवार यांच्या पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते आणि मुक्त चिन्हांच्या यादीतही एक ‘तुतारी’ होती. दिंडोरीत ते चिन्ह मिळालेल्या अपक्षाला लाखाहून अधिक मते पडली, आणि त्याचे आडनावही त्या पक्षाच्या उमेदवाराचेच होते. मुक्त चिन्हांची यादी करताना अशी जुळी चिन्हे आधीच वगळणे आयोगाला अवघड नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात राहते. तिकडे मतदानाच्या दीड-दोन महिने आधी मतपत्रिका टपालाने निघतात. आपल्याकडे हे का जमत नाही? (एक वाचक, वाशी)

उत्तर : तेथे निवडणूक कायदा मुख्यतः प्रत्येक राज्याचा वेगळा असतो. उमेदवारांची नावे प्रमाणित करण्याची आणि मतपत्रिका छापण्याची मुदत राज्ये आपापली ठरवतात. संघराज्याच्या निवडणुकांत सैनिक आणि परदेशस्थ मतदारांना निदान ४५ दिवस आधी मतपत्रिका पाठवण्याचे बंधन मात्र साऱ्या राज्यांवर आहे. आपल्याकडे माघारीची अंतिम तारीख आणि मतदान यांत किमान १४ दिवस असावेत एवढेच कायदा सांगतो. २०२४ च्या विधानसभेला ४ नोव्हेंबरला माघार संपली आणि २० नोव्हेंबरला मतदान झाले. उमेदवारच सोळा दिवस आधी पक्के होत असतील, तर दोन महिने आधी छापणार काय?

शिवाय लवकर छापण्याचा तोटा आपल्या मुलीच्या राज्यानेच अनुभवला. राष्ट्राध्यक्षपदाचे अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी (धाकटे) यांनी २३ ऑगस्ट २०२४ रोजी प्रचार थांबवला आणि नाव काढण्याची मागणी केली. नॉर्थ कॅरोलिनात ६ सप्टेंबरला मतपत्रिका रवाना व्हायच्या होत्या. तेथील सर्वोच्च न्यायालयाने नाव वगळण्याचा आदेश कायम केला आणि छापलेल्या मतपत्रिका टाकून नव्या छापाव्या लागल्या. सैनिकांना आणि परदेशस्थांना त्या २० सप्टेंबरला निघाल्या. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये मात्र त्यांचे नाव शेवटपर्यंत मतपत्रिकेवर राहिले. आपला थोडा घाईचा पण स्वच्छ रिवाज मला त्यापेक्षा बरा वाटतो.

प्रश्न : मतपत्रिका छापून झाल्यावर उमेदवाराचे निधन झाले तर? (एक वाचक, कळवा)

उत्तर : उमेदवार मान्यताप्राप्त पक्षाचा असेल तर मतदान पुढे ढकलले जाते आणि पक्षाला नवा उमेदवार देण्यासाठी सात दिवस मिळतात. राजस्थानातील करणपूरचे मतदान अशाच कारणाने नोव्हेंबर २०२३ ऐवजी ५ जानेवारी २०२४ रोजी झाले. अपक्षाच्या निधनाने निवडणूक थांबत नाही.

प्रश्न : महापालिकेच्या मतदानात चार रंगांच्या मतपत्रिका होत्या. चारही मते देणे सक्तीचे आहे का? (एक वाचक, घणसोली)

उत्तर : जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत नवी मुंबईच्या २८ प्रभागांपैकी २७ प्रभाग चार सदस्यांचे आणि एक तीन सदस्यांचा, मिळून १११ जागा होत्या. ठाण्यात ३३ प्रभाग आणि १३१ जागा होत्या. प्रभागातील प्रत्येक जागा ही स्वतंत्र निवडणूक असल्यामुळे तिची मतपत्रिकाही स्वतंत्र असते, आणि ओळखू यावी म्हणून अ, ब, क, ड या जागांना अनुक्रमे पांढरा, फिकट गुलाबी, फिकट पिवळा आणि फिकट निळा रंग दिला होता. चारही जागांसाठी बटण दाबल्यावरच मतदान पूर्ण होते. एखाद्या जागेचा कोणीच उमेदवार पसंत नसेल, तर त्या रंगाच्या मतपत्रिकेवरील ‘नोटा’ दाबावे.