ख्रिस्ती माणसाने ऑफिसातल्या गणपतीचा प्रसाद घेतला तर देवावरची निष्ठा दुभंगते का?

तुमचा प्रश्न असा आहे: रविवारी उपासना चुकवत नाही, पण ऑफिसातल्या गणपतीचा प्रसाद नाकारवत नाही, चाळीच्या मंडळाला वर्गणीही देता. चर्चच्या पाळकांनी याला 'दोन डगरींवर पाय' म्हटल्यापासून मन खातंय.

प्रसादाचं आधी उरकून घेतो. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा दहावा अध्याय वाचा. बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका, असं प्रेषित पौल म्हणतो. आणि तेही कशासाठी, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. त्यामुळे प्रसाद म्हणून दिलेला मोदक मी घेत नाही. हसून 'नको' म्हणतो, सगळ्यांना माहीत आहे, कुणी रागावत नाही. आरतीला मागे उभा राहतो, टाळ्या वाजवत नाही, आणि नंतर खुर्च्या उचलायला सगळ्यांच्या पुढे असतो. माझ्याच मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, काही जण यापेक्षा कडक आहेत, काही सैल. त्यावरून भांडायची मला हौस नाही.

कारण शास्त्रात नामानही आहे. अरामचा सेनापती. कोड बरं झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, यापुढे परमेश्वराशिवाय कुणाला अर्पण करणार नाही, पण राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढं माफ व्हावं. अलीशा त्याला व्याख्यान देत नाही. 'शांतीने जा' म्हणतो, बस.

मग दुभंगलेलं मन म्हणजे काय? कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्टा इस्राएल लोकांना विचारतो, तुम्ही दोन मतांमध्ये कुठवर लटपटणार? त्या लोकांनी परमेश्वराला सोडलेलं नव्हतं, हे आपण विसरतो. सणवार, पूर्वजांचा देव म्हणून तो होताच. पण बआल पावसाचा देव, आणि पीक तर पावसावर. म्हणून बआलही असू दे, जोडीला विमा! एलीयाने नेमकं तिथेच बोट ठेवलं, तेही पाऊस नसल्याच्या तिसऱ्या वर्षी.

आता मुंबईत ख्रिस्ती माणूस पोटापाण्यासाठी कुणावर विसंबतो? गणपतीवर नक्कीच नाही. दोन धन्यांची चाकरी होत नाही असं येशूने सांगितलं तेव्हा देवाच्या समोर त्याने दुसऱ्या धर्माचं दैवत उभं केलं नाही, धन उभं केलं. याबद्दल मात्र मंडळीत फार बोललं जात नाही. सुगीच्या सणाला एक नारळ हजार रुपयांना लिलावात घेणाऱ्याला टाळ्या मिळतात, ते हजार कुठून आले हे कुणी विचारत नाही.

आईच्या पश्चात आम्ही भांडुपची खोली विकायला काढली. एजंट चांगलं गिऱ्हाईक घेऊन आला. म्हणाला, "अंकल, एवढे चेकने, बाकीचे हातात. सगळीकडे असंच चालतं." जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१५पासून कायद्याने बंदी आहे, हे त्यालाही ठाऊक होतं. मी नाही म्हटलं. खोलीत धाकट्या भावाचाही हिस्सा होता, आणि भाऊ आमच्याच मंडळीचा पंच. तो म्हणाला, "दादा, तुझी भक्ती माझ्या खिशातून कशाला?" बोलणं लागण्यासारखं होतं, कारण खोटं नव्हतं. पुढे कर्ज काढून घेणारं एक कुटुंब मिळालं, भाव कमी आला, भावाची तूट मी माझ्या हिश्शातून भरली. तो अजून टोमणे मारतो. आणि त्या काळात मी प्रार्थनेपेक्षा हिशेबच जास्त केले, हेही खरं.

सगळं मन देवाला दिल्याचं बिल आसपासच्या माणसांनाही येतं. कवी नारायण वामन टिळकांचंच घ्या. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पत्नी लक्ष्मीबाईंनी काही वर्षं ताटातूट सोसली. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९००चा. पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनची पगाराची नोकरीही सोडली आणि 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. अभंग मात्र त्यांनी सोडला नाही, ओवीही नाही. आज मराठी उपासनेत त्यांचीच पदं गातो आपण. निष्ठा एकीकडे वळली म्हणून मातीतलं सगळं टाकावं लागलं नाही, पगार टाकावा लागला.

म्हणून तुम्हीही नोकरी सोडा असं मी म्हणत नाही. श्रीमंत तरुणाला येशूने सगळं विकायला सांगितलं, जकातदार जक्कयाने अर्धं देतो म्हटलं तर त्याच्या घरी तारण आलं. पौल स्वतः तंबू शिवायचा. कोणाकडे काय मागितलं जाईल हे आधी ठरत नाही. पण ते जिथे मागितलं जाईल ती जागा बहुधा मंडपात नसेल. खोट्या बिलावर सही करायला साहेब सांगतो तिथे असेल, किंवा मुलाच्या शाळेसाठी पत्त्याचा बनावट कागद लागतो तिथे. पाळकांशी बोलाल तेव्हा यातलं एखादं काढून बघा, ते काय म्हणतात ते ऐकायला मलाही आवडेल.

वर्गणीचं राहिलं. मी आमच्या मंडळाला त्यांच्या रक्तदान शिबिरासाठी देतो आणि पावतीवर तसं लिहून घेतो. पोरांना त्यात काही वावगं वाटलेलं नाही.